ट्रॅक्टर गटाचा, मग लायसन कोणाचं?

आज आपण ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या लायसनबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून काहीजणी म्हणतील, "अवो ताई, हे तं माणसांचं काम. आमाले काय करायचं त्याचं?" म्हणून आधी हेच सांगतो, की हा विषय बायांचा कसा आहे.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत आता बऱ्याच बचत गटांकडे ट्रॅक्टर आले आहेत. कोणी अवजार बँक काढली, कोणी पोकरा प्रकल्पातून औजारं घेतली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध भगिनींच्या गटांसाठी समाजकल्याण खात्याची मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. तिच्यात साडेतीन लाखांच्या मर्यादेत ट्रॅक्टर व औजारं घेतली, तर ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. कागदावर मालक कोण? गट. सही कोणाची? अध्यक्ष आणि सचिव ताईंची. मात्र स्टिअरिंगवर बसतो कोणाचा तरी नवरा, दीर, भाचा, नाहीतर गावातला रोजानं सांगितलेला पोरगा. त्याच्या खिशात लायसन आहे की नाही, हे गटाच्या सभेत कधी विचारलं जात नाही.

दुसरी गोष्ट. सोंगणीला, कापूस वेचायला, हरभरा उपटायला जाताना ट्रॉलीत कोण बसतं? आपणच. म्हणजे मालक म्हणून जबाबदारी आपली, आणि मजूर म्हणून जीवही आपला. एवढ्यासाठी हा विषय समजून घ्यायचा.

लायसन कुठे लागतं, कुठे नाही

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये म्हटलं आहे, की सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवायचं तर चालू स्थितीतलं लायसन पाहिजे. इथे "सार्वजनिक जागी" हे शब्द महत्त्वाचे. आपल्याच वावरात नांगरणी, वखरणी चालू आहे, तोवर प्रश्न वेगळा. पण ट्रॅक्टर धुरा ओलांडून पांदण रस्त्यावर आला, गावातून गेला, डांबरी सडकेला लागला, की लायसन लागलंच. "टॅक्टर तं वावरात चालते, त्याले काह्याचं लायसन?" असं आम्हाला गावोगावी ऐकायला मिळतं. पण ट्रॅक्टर वावरात जातो रस्त्यानंच, आणि माल घेऊन बाजार समितीत जातो तोही रस्त्यानंच.

आता कोणतं लायसन? कायद्यात "हलकं मोटार वाहन" म्हणून एक वर्ग आहे. त्याला आपण एलएमव्ही म्हणतो. कार, जीप यात येतात. ज्या ट्रॅक्टरचं रिकामं वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नाही, तोही यातच येतो. आपल्याकडचे शेतीचे ट्रॅक्टर दोन-अडीच टनांच्या आसपास असतात, मिनी ट्रॅक्टर त्याहून हलका. म्हणजे आपला ट्रॅक्टर हलक्या वाहनातच मोडतो. लायसनच्या अर्जात कृषी ट्रॅक्टर असा वेगळा वर्गही दिसतो. ज्याला मुख्यतः ट्रॅक्टरच चालवायचा आहे, त्यानं लायसनवर तो वर्ग लिहून घेतलेला बरा. मग रस्त्यात कोणी अडवलं तर वाद घालत बसावं लागत नाही.

फक्त मोटारसायकलचं किंवा स्कुटीचं लायसन ट्रॅक्टरला चालत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण "लायसन आहे ना" म्हणून जे कार्ड दाखवलं जातं, ते पुष्कळदा दुचाकीचं असतं. कार्ड हातात घ्या, आणि वाहनाचा वर्ग कोणता लिहिला आहे ते वाचा.

मागे ट्रॉली जोडली तर?

खरी गुंतागुंत इथून सुरू होते. ट्रॅक्टर स्वतः माल वाहत नाही. कायद्यातही ट्रॅक्टरची व्याख्या तशीच आहे, की स्वतःवर भार वाहण्यासाठी न बनवलेलं वाहन. ट्रॉली हे दुसरं वाहन. तिला स्वतःचं इंजिन नाही, पण तिची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आरसी बुक वेगळं. मग ट्रॅक्टरचं लायसन असलेल्या माणसानं मागे भरलेली ट्रॉली जोडली, तर ते लायसन पुरतं का?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स हा तो खटला, निकाल २००१ सालचा. विमा कंपनीचं म्हणणं होतं, की ट्रॉली जोडली म्हणजे तो मालवाहू ट्रान्सपोर्ट झाला, आणि ड्रायव्हरजवळ तसलं लायसन नाही. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. ज्याच्याजवळ ट्रॅक्टर चालवायचं लायसन आहे, तो मागे ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

दुसरा मोठा निकाल ६ नोव्हेंबर २०२४ चा. बजाज अलायन्स विरुद्ध रंभादेवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ठरवलं, की एलएमव्हीचं लायसन असलेला माणूस भरल्या वजनासह ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्याला ट्रान्सपोर्टचा वेगळा शिक्का लागत नाही. याआधी २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींनी मुकुंद देवांगन खटल्यात हेच सांगितलं होतं, पण नंतर त्यावर शंका निघाली, म्हणून ते मोठ्या पीठाकडे गेलं. संत्रा, भाजीपाला, दूध वाहणारे छोटे पिकअप ज्या घरांत आहेत, त्यांनाही या निकालाचा आधार आहे. ई-रिक्षा आणि धोकादायक माल यांच्या खास अटी मात्र तशाच राहिल्या.

कायद्यानं इतका भर वजनावर का दिला, हेही समजून घेऊ. परदेशात लोक सुटीत फिरायला जाताना कारमागे घरासारखी मोठी ट्रॉली जोडतात. तिथेही हाच प्रश्न येतो. जर्मनीत साध्या कारच्या लायसनवर ७५० किलोपर्यंतची ट्रॉली ओढता येते. त्याहून जड ओढायची, तर कार आणि ट्रॉली मिळून ३,५०० किलोच्या आत राहावं लागतं, नाहीतर वरचं शिक्षण किंवा वरचं लायसन लागतं. इंग्लंडमध्ये १९९७ नंतर कारचं लायसन काढलेल्यांना जड ट्रॉलीसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. ती १६ डिसेंबर २०२१ पासून काढून टाकली, आणि आता ते ३,५०० किलोपर्यंतची ट्रॉली ओढू शकतात. देश कोणताही असो, मागचं वजन पुढच्या वाहनाला ढकलतं, हा धोका सगळीकडे सारखाच.

तीन वजनं ओळखा

आरसी बुकात वजनाचे आकडे असतात. ते वाचायला आठवीचं गणित पुरे. पहिलं रिकामं वजन, म्हणजे नुसत्या वाहनाचं. दुसरं भरलं वजन, म्हणजे वाहन अधिक माल मिळून जास्तीत जास्त किती, ते. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं, की तिसरं मिळतं. ट्रॉलीत किती माल घालता येतो, ते हे तिसरं वजन.

आता हिशेब करू. सोयाबीनचा कट्टा ६० किलोचा धरला, तर ५० कट्टे म्हणजे ३,००० किलो, म्हणजे तीन टन. संत्र्याचं क्रेट २५ किलोचं धरलं, तर १२० क्रेट म्हणजे तेही तीन टनच. ट्रॉलीच्या कागदावर तीन टन लिहिले असतील, तर ५१ वा कट्टा हा जास्तीचा. कापसाचं उलटं. कापूस वजनाला कमी पण जागेला जास्त. गंजीसारखी उंच भरलेली कापसाची ट्रॉली वजनात बसते, पण वळणावर कलंडते, आणि तिच्यामुळे मागचं काही दिसत नाही.

ठरल्यापेक्षा जास्त वजन भरलं, तर कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये आहेत. म्हणजे दोन टन जास्त भरले, तर दंड २४,०००. एका खेपेचं भाडं वाचवायला जाऊन गटाच्या कितीतरी महिन्यांची बचत एका दिवसात जाते.

दंड कोणावर?

बिनालायसन चालवणाऱ्यावर ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे बहुतेकींना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं. ज्यानं आपलं वाहन बिनालायसनवाल्याच्या हाती दिलं, त्या मालकालाही तेवढीच शिक्षा आहे. आणि मालक म्हणजे आरसी बुकात ज्याचं नाव आहे, तो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलं, की वाहन विकलं, ताबा दिला, पण आरसीवरचं नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदलेला मालकच जबाबदार. म्हणून जुना ट्रॅक्टर विकला असेल, तर पैसे मोजून घेण्याइतकंच नाव बदलून घेणंही गरजेचं.

पोरांचंही सांगतो. आपल्याकडे नववी-दहावीतला पोरगा ट्रॅक्टर चालवायला लागला, की घरच्यांना कौतुक वाटतं. पण १८ वर्षांच्या आतल्या मुलानं वाहन चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या पोराला पुढे २५ वर्षांचा होईपर्यंत लर्निंग लायसनही मिळत नाही. ऐन पेरणीत वर्षभर ट्रॅक्टर उभा राहिला, तर कर्जाचे हप्ते काही थांबत नाहीत.

विमा भरला म्हणजे झालं का?

मैत्रिणींनो, हा भाग नीट ऐका. विमा कंपनी पॉलिसी देते ती अटींसह. त्यातल्या तीन अटी आपल्या कामाच्या.

पहिली, चालवणाऱ्याजवळ त्या वाहनाचं चालू लायसन पाहिजे. नसेल, तर बऱ्याच प्रकरणांत न्यायालय कंपनीला सांगतं, की जखमी माणसाला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. जखमीला पैसे मिळतात ही चांगली गोष्ट. पण नंतर वसुलीची नोटीस येते, ती आरसीवरच्या नावानं, म्हणजे गटाच्या नावानं. ती रक्कम लाखांत असू शकते.

दुसरी, ट्रॉलीचा नंबर पॉलिसीवर पाहिजे. ट्रॅक्टरचा विमा म्हणजे ट्रॉलीचाही विमा, असं नाही. ट्रॉलीचा हप्ता वेगळा लागतो. एजंटाला विचारा, "भाऊ, आमच्या ट्रॉलीचा नंबर कुठं लिहिला आहे ते दाखवा."

तिसरी, वापर कशासाठी. शेतीचा ट्रॅक्टर म्हणून नोंदणी आणि विमा आहे, आणि ट्रॉलीत विटा, मुरूम, रेती भाड्यानं वाहतो आहोत, तर अपघातानंतर कंपनी त्याच गोष्टीवर बोट ठेवते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ब्रिजमोहन नावाच्या मजुराचं प्रकरण आलं. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी होता, ट्रॉलीचा विमा नव्हता, काम वीटभट्टीच्या मातीचं होतं, आणि मजूर ट्रॉलीवर बसला होता. न्यायालयानं म्हटलं, कायद्यानं कंपनी जबाबदार नाही. तो गरीब मजूर आणि त्याची दुखापत पाहून न्यायालयानं आपला खास अधिकार वापरला आणि कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मालकाकडून वसूल करायला सांगितलं. पण दिल्लीपर्यंत जाऊन, खास अधिकारानं मिळालेला तो न्याय. तसा तो प्रत्येकीला मिळेल या भरवशावर ट्रॉलीत बसता येत नाही.

ट्रॉलीत बसणाऱ्या बाया

ट्रॅक्टरवर सीट एकच असते, ड्रायव्हरची. मडगार्ड ही बसायची जागा नाही. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. विम्याच्या हिशेबात ट्रॉलीतल्या प्रवाशाला जागाच धरलेली नसते.

४ एप्रिल २०२५ ची सकाळ आठवा. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात मजूर बाया गेल्या. सरकारनं मदत जाहीर केली. पण त्या सात घरांतल्या चुली आणि लेकरं पुढे कशी निभावणार, हे आपल्याला सांगायला नको. आपल्याकडेही विहिरी रस्त्याला लागून आहेत, कित्येकींना कठडा नाही. पावसाळ्यात आपली काळी माती कशी घसरते, तेही आपण जाणतो.

आम्हाला माहीत आहे, की एकटी बाई "मी ट्रॉलीत बसत नाही" म्हणाली, तर तिचा रोज बुडतो. दुसऱ्या दिवशी तिला बोलावणंही येत नाही. म्हणून हे एकटीनं बोलायचं नाही, गटानं बोलायचं. ज्या गावात पंधरा-वीस बाया एकत्र ठरवतात, तिथे शेतकरी किंवा ठेकेदार ऑटो, जीप सांगतो, आणि भाडं मजुरीच्या बोलीत आधीच धरलं जातं. निदान गटाचा स्वतःचा ट्रॅक्टर असेल, तर त्याच्या ट्रॉलीत माणूस बसणार नाही, एवढा ठराव तर आपल्या हातातला आहे.

आणि प्रत्येकीनं आपापला अपघात विमा ठेवावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात, आणि अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. वय १८ ते ७०, आणि बँकेत खातं पाहिजे. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा आधार आहे, त्यातही मृत्यूनंतर दोन लाख मिळतात. पण भूमिहीन मजूर बाईचं सातबारावर नाव नसतं. तिच्यासाठी ते २० रुपये फार मोलाचे आहेत.

लायसन आपणच काढलं तर?

आता आनंदाची गोष्ट. लायसनसाठी "मी शिकलेली नाही" ही अडचण आता राहिली नाही. पूर्वी ट्रान्सपोर्ट वाहनासाठी आठवी पास लागायचं, ती अट केंद्र सरकारनं सप्टेंबर २०१९ मध्ये काढून टाकली. साध्या लायसनला तशी अट नव्हतीच. १८ वर्षं पूर्ण पाहिजेत, बस्स.

आधी लर्निंग लायसन. त्याचा अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर होतो. आधार असेल, तर २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्या देता येते. प्रश्न रस्त्याच्या खुणांचे आणि नियमांचे असतात, निदान ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. चाळिशीच्या पुढे असाल, तर डॉक्टरचा दाखला लागतो. लर्निंग सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर ३० दिवस झाले, की पक्क्या लायसनसाठी वाहन चालवून दाखवायला जायचं. अमरावतीला, अकोल्याला आरटीओ कचेरी आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या तारखांना शिबिरंही लागतात. केंद्राच्या नियमांतली फी फार नाही. लर्निंगला १५० आणि परीक्षेला ५०, पुढे चालवण्याच्या परीक्षेला ३०० आणि लायसनला २००. वर थोडा सेवा आकार. कोणी एजंट यासाठी पाच-सहा हजार मागत असेल, तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवा.

लर्निंगवर असताना रस्त्यावर एकटीनं चालवायचं नाही. लायसनवाला शिकवणारा सोबत पाहिजे, आणि तोही अशा जागी, की गरज पडली तर वाहन थांबवू शकेल. ट्रॅक्टरवर दुसरी सीट नसते. म्हणून रस्त्याचा सराव ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर करावा, आणि ट्रॅक्टरचा हात मोकळ्या वावरात बसवावा. जिच्याजवळ स्कुटीचं लायसन आहे, तिला त्याच लायसनवर नवा वर्ग वाढवून मिळतो.

मुदतही पाहत जा. तिशीच्या आत काढलेलं साधं लायसन चाळीस वर्षं वय होईपर्यंत चालतं. तीस ते पन्नासमध्ये काढलं, तर दहा वर्षं. ट्रान्सपोर्टचं पाच वर्षं. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत नवं करून घ्या, नाहीतर पुन्हा चालवून दाखवावं लागतं. आणि संपलेल्या लायसनवर चालवणं म्हणजे बिनालायसन चालवणंच.

जड ट्रॉलीचा हात

लायसन हा कागद झाला. चालवणं हातात यावं लागतं. चार गोष्टी सांगतो, त्या ड्रायव्हरभाऊंनाही ऐकवा.

ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकाचे दोन ब्रेक असतात. वावरात एका चाकावर वळायला ते वेगवेगळे उपयोगी. पण रस्त्यावर लागलं, की ते दोन्ही पेडल पट्टीनं जोडायचे. नाहीतर घाईत एकच दाबला जातो आणि ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो.

उतारावर, मग तो चिखलदऱ्याचा घाट असो की नाल्याचा उतार, आधीच खालचा गिअर टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो, सगळं वजन ट्रॅक्टरच्या पाठीवर येतं. वेग दुप्पट झाला, तर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, जवळपास चौपट होतं.

वजन ट्रॉलीत सारखं पसरायचं. सगळं मागे भरलं, तर जोडाची बाजू वर उचलली जाते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन घसरतात. जोडाच्या पिनेला लॉक पाहिजे, तार किंवा खिळा नव्हे. मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा पाहिजे. रात्री बिनदिव्याची उभी ट्रॉली डांबरी रस्त्यावर दिसत नाही, आणि दुचाकीवाला थेट तिच्यावर येतो.

आणि आपल्यासाठी खास. थ्रेशर, पंप चालवणारा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ, त्याच्यावर झाकण हवंच. साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी त्यात एकदा अडकली, की सोडवायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरजवळ काम करताना पदर खोचून, वर शर्ट घालून, केस बांधून काम करा.

पुढच्या सभेत एवढं करा

ज्या गटाकडे ट्रॅक्टर आहे, त्यांनी पुढच्या मासिक सभेत सतरंजीवर हे कागद मांडा. ट्रॅक्टरचं आरसी, ट्रॉलीचं आरसी, विम्याची पॉलिसी, आणि जो कोणी चालवतो त्याचं लायसन. सचिव ताईंनी मोठ्यानं वाचून दाखवा. लायसनवर वर्ग कोणता, मुदत कधीपर्यंत, पॉलिसीवर ट्रॉलीचा नंबर आहे का, वापर काय लिहिला आहे, माल किती टन. कागद घरी राहिला असेल, तर डिजिलॉकरमधला किंवा एमपरिवहन ॲपमधलाही चालतो.

मग इतिवृत्तात तीन ठराव लिहा. लायसन वाचल्याशिवाय किल्ली कोणाला द्यायची नाही, मग तो अध्यक्ष ताईंचा मुलगा का असेना. ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही. आणि गटातल्या निदान दोघींची नावं लर्निंग लायसनसाठी लिहायची, त्यांची फी गटाच्या निधीतून द्यायची. नंतर किल्लीची वही ठेवा, आणि कोणी, कधी, कुठल्या कामाला ट्रॅक्टर नेला, ते त्यात लिहा.

कोणी म्हणेल, "घरच्याच माणसाले लायसन मागता? इश्वास नाही का?" त्याला सांगा, भाऊ, विश्वास आहे म्हणूनच तर ट्रॅक्टर देतो. पण उद्या काही झालं, तर पोलीस आणि विमा कंपनी विश्वास विचारत नाहीत, लायसन विचारतात. आणि त्या दिवशी उत्तर द्यायला गटातल्या सगळ्याच बायांना उभं राहावं लागतं.

बरं तर, मैत्रिणींनो. तुमच्या गटाच्या सभेत कागद वाचताना एखादा शब्द अडला, तर आपल्या सीआरपी ताईंना किंवा ग्रामसंघाला विचारा. नमस्कार.